वाऱ्याचा हिशेब मांडणारे वैमानिक : जे. आर. डी. टाटा



या अंकात आम्ही ज्या थोर पुरुषाची ओळख करून देत आहोत, त्यांना आपल्यापैकी बहुतेक जण मोठे उद्योगपती म्हणून ओळखतात. जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजेच जे. आर. डी. टाटा, हे उद्योगपती तर होतेच. पण त्यांचे पहिले प्रेम विमान हे होते. भारतातील टपाल विमानाने नेण्याची पहिली भारतीय सेवा त्यांनी सुरू केली आणि तिचे पहिले विमान स्वतः चालवले.

हे चरित्र निवडण्यामागे आमचा एक हेतू आहे. आपल्या सीमाभागातील मराठी माध्यमाची मुले दहावीपर्यंत चांगले गुण घेतात. मग पी.यू.सी.ला विज्ञान शाखा घेतात आणि भौतिकशास्त्राच्या सुरुवातीच्याच धड्यांत 'वेक्टर' हा शब्द समोर आला की अडखळतात. काही मुले तर पहिल्या चाचणीनंतर शाखाच बदलतात. ही वस्तू कशासाठी शिकायची, असे पालकही आम्हांला विचारतात. जेआरडींचे जीवन हे या प्रश्नाचे एक चांगले उत्तर आहे, असे आम्हांला वाटते.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील रतनजी दादाभाई टाटा हे पारशी, तर आई सुझान या फ्रेंच. त्यामुळे घरातील पहिली भाषा फ्रेंच. वडिलांच्या व्यापारामुळे कुटुंब कधी फ्रान्समध्ये, कधी मुंबईत, तर कधी जपानमध्ये राही. दर वेळी शाळा बदले, शिक्षक बदलत, भाषाही बदले. एका शाळेत बसून शांतपणे दहा वर्षे शिकण्याचे भाग्य या मुलाला लाभले नाही.

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्डेलो नावाच्या गावी टाटा कुटुंबाचे उन्हाळ्यात राहण्याचे घर होते. त्याच किनाऱ्यावर लुई ब्लेरिओ यांचेही घर होते. हेच ब्लेरिओ १९०९ साली विमानाने इंग्लिश खाडी ओलांडणारे पहिले वैमानिक. त्यांची विमाने त्या वाळूवर उतरताना लहानगा जहांगीर पाहत असे. पंधराव्या वर्षी तेथेच त्याला विमानात बसून एक फेरी मारण्याची संधी मिळाली आणि आपणही वैमानिक व्हायचे, हे त्याने मनाशी पक्के केले.

पुढे केंब्रिजला जाऊन इंजिनिअरिंग शिकावे, अशी त्यांची फार इच्छा होती. परंतु वडिलांनी १९२५ साली त्यांना भारतात बोलावून घेतले आणि टाटांच्या पोलाद उद्योगात उमेदवारीला लावले. दुसऱ्याच वर्षी वडील वारले. बाविसाव्या वर्षी धाकट्या भावंडांसह सगळ्या घराचा भार अंगावर आला. विद्यापीठाची पदवी राहिली ती राहिलीच. ही खंत त्यांना आयुष्यभर होती. पण ती उगाळत न बसता त्यांनी रात्री जागून, पुस्तके आणून, स्वतःच अभ्यास केला. पदवी नसलेला हा माणूस पुढे देशातील मोठमोठ्या शास्त्रज्ञांशी बरोबरीने बोलू शके, तो या स्वाध्यायामुळे.

मुंबईत फ्लाइंग क्लब निघताच जेआरडी तेथे दाखल झाले. जेमतेम साडेतीन तासांच्या शिकवणीनंतर त्यांनी एकट्याने विमान उडवले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिल्या गेलेल्या परवान्यांपैकी तो क्रमांक १ चा होता.

आगाखान यांनी एक बक्षीस लावले होते. इंग्लंड ते भारत हा प्रवास एकट्याने विमानातून करणाऱ्या पहिल्या भारतीयास ते मिळणार होते. प्रवास कोणत्या टोकाकडून सुरू करायचा याला बंधन नव्हते. जेआरडी कराचीहून निघाले. अस्पी इंजिनिअर हा किशोरवयीन मुलगा इंग्लंडहून निघाला. इजिप्तमध्ये अबूकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पीच्या विमानाचे स्पार्क प्लग बिघडले होते व तो अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. अस्पी थोड्या फरकाने आधी पोहोचला आणि बक्षीस त्याला मिळाले. हाच अस्पी पुढे भारतीय वायुदलाचा प्रमुख झाला. जेआरडींना या हरण्याचे वाईट वाटले नाही.

आता आपण मुख्य प्रसंगाकडे येऊ. त्या काळी लंडनहून येणारे हवाई टपाल कराचीपर्यंतच येई. पुढे मुंबई-मद्रासकडे ते रेल्वेने जाई. नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने टाटांपुढे कल्पना मांडली, की कराचीपासून पुढचे टपालही विमानाने नेता येईल. सरकार अनुदान देईना. तरीही टाटांनी सुमारे दोन लाख रुपये घालून हे काम हाती घेतले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास जेआरडींनी कराचीच्या ड्रिग रोड तळावरून 'पुस मॉथ' जातीचे लहान, एका इंजिनचे विमान उडवले. विमानात सुमारे २५ किलो टपाल होते. वाटेत अहमदाबादला इंधन भरायचे होते. त्याचे डबे बैलगाडीतून आणलेले होते. दुपारी दोनच्या आत ते मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून बळ्ळारीमार्गे मद्रासपर्यंतचा पुढचा टप्पा व्हिन्सेंट यांनी पार केला.

मित्रांनो, या विमानात रेडिओ नव्हता. खालून मार्ग सांगणारे कोणी नव्हते. उपग्रह तर कोणाच्या स्वप्नातही नव्हते. जेआरडींजवळ काय होते? नकाशा, होकायंत्र, घड्याळ, डोळ्यांवर गॉगल आणि हातात एक स्लाइडरूल. स्लाइडरूल म्हणजे एकमेकींत सरकणाऱ्या, आकडे कोरलेल्या पट्ट्या. कॅल्क्युलेटर येण्यापूर्वी इंजिनिअर मंडळी गुणाकार-भागाकार तिच्यावर करीत. विमानात तिचे काय काम, असे तुम्हांला वाटेल. तिचे काम होते वाऱ्याचा हिशेब.

विमान जमिनीवर चालत नाही, ते हवेत चालते. आणि हवा स्वतःच चालत असते. आपल्यापैकी जे नृसिंहवाडीला कृष्णेच्या पात्रात नावेत बसले असतील, त्यांनी नावाडी काय करतो ते पाहिले असेल. समोरच्या घाटावर जायचे असले, तरी तो नावेचे टोक घाटाकडे न धरता प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरतो. नाव तिरकी दिसते, पण जाते सरळ. टोक सरळ घाटाकडे धरले, तर नाव वाहत खाली जाईल, हे त्याला कोणी शाळेत शिकवलेले नसते. नावेच्या जागी विमान ठेवा आणि पाण्याच्या जागी वारा, हिशेब तोच.

येथे दोन शब्द लक्षात ठेवा. नुसते 'ताशी १६० किलोमीटर' म्हटले, तर ती चाल झाली. तिला दिशा नाही, म्हणून ती अदिश राशी. 'ताशी १६० किलोमीटर, दक्षिणेकडे' म्हटले, तर तो वेग झाला. त्याला दिशा आहे, म्हणून तो सदिश. 'वेक्टर' म्हणजे हा सदिश. दुसरे काही नाही. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेथेही शब्द सदिश आणि अदिश हेच आहेत. सदिश राशी बाणाने दाखवतात. बाणाची लांबी म्हणजे राशी किती, आणि बाणाचे टोक म्हणजे कोणीकडे.

आता अहमदाबाद ते मुंबई हा टप्पा घेऊ. नकाशात पाहा; जुहू हे अहमदाबादच्या जवळजवळ सरळ दक्षिणेस, सुमारे ४४० किलोमीटरवर आहे. विमानाची हवेतील चाल ताशी १६० किलोमीटर धरू. पश्चिमेकडून, म्हणजे समुद्रावरून, ताशी ४० किलोमीटरचा वारा आहे असे मानू. हे आकडे आम्ही उदाहरणासाठी घेतले आहेत. त्या दिवशीच्या वाऱ्याची ती नोंद नव्हे.

वैमानिकाने विमानाचे नाक सरळ जुहूकडे धरले आणि वाऱ्याकडे दुर्लक्ष केले, तर काय होईल? ४४० ला १६० ने भागा. २ तास ४५ मिनिटे होतात. तेवढ्या वेळात वारा विमानाला पूर्वेकडे ११० किलोमीटर ढकलेल. घड्याळाप्रमाणे मुंबई यायला हवी, तेव्हा विमान सह्याद्री ओलांडून जुन्नरच्या आसपास असेल. आकाश ढगाळ असेल, तर वैमानिक मुंबई समजून खाली उतरू लागेल आणि खाली डोंगर असेल. एका इंजिनच्या लहान विमानात, इंधन संपत आलेले असताना, ही चूक म्हणजे मृत्यूच.

मग योग्य उत्तर कसे काढायचे? वहीत काढून पाहा. १ सेंटिमीटर म्हणजे ताशी २० किलोमीटर असे प्रमाण घ्या. 'अ' बिंदूपासून सरळ खाली एक लांब रेघ ओढा. ही आपली वाट. त्याच 'अ' बिंदूपासून उजवीकडे २ सेंटिमीटरचा बाण काढा, हा वारा. त्याच्या टोकाला 'ब' म्हणा. आता कंपासमध्ये ८ सेंटिमीटर अंतर घेऊन 'ब' पासून वाटेच्या रेघेवर कंस मारा. छेदनबिंदूला 'क' म्हणा. 'ब' पासून 'क' कडे जाणारी रेघ ही विमानाच्या नाकाची दिशा. कोनमापक लावलात, तर ती वाटेपासून पश्चिमेकडे सुमारे साडेचौदा अंश कललेली दिसेल. 'अ' ते 'क' हे अंतर मोजा; ते सुमारे ७.७५ सेंटिमीटर भरेल. म्हणजे जमिनीवरून पाहणाऱ्याला विमान ताशी सुमारे १५५ किलोमीटरने सरळ दक्षिणेला जाताना दिसेल. पायथागोरसच्या प्रमेयानेही हेच उत्तर येते.

प्रवासाला लागणारा वेळ २ तास ५० मिनिटे. म्हणजे फरक किती पडला? अवघा पाच मिनिटांचा. नाक साडेचौदा अंश वळवल्याने पाच मिनिटे जास्त लागली आणि ११० किलोमीटरची चूक टळली. उद्याच्या परीक्षेत हे गणित दोन-तीन गुणांचे असेल. जेआरडींच्या विमानात त्याची किंमत जिवाची होती.

परंतु वारा किती आहे आणि कोठून आहे, हे आधी कळावे लागते. आपल्याकडे निपाणी-संकेश्वर भागात गुऱ्हाळाच्या चिमणीचा धूर कोणीकडे झुकतो, यावरून शेतकरी वारा ओळखतो. त्या काळचे वैमानिकही हेच करीत. धूर, झाडांचे शेंडे, पाण्यावरील लाटा पाहत. खाली ओळखीची खूण आली की घड्याळ पाहत. भडोचजवळ नर्मदा, सुरतेजवळ तापी, आणि बरोबर धावणारा लोहमार्ग. नर्मदा ठरल्या मिनिटाला आली नाही किंवा भडोच डाव्या हाताला जास्तच दूर दिसले, की वारा आपण धरला होता तसा नाही, हे समजे. मग स्लाइडरूल काढायची, नवे उत्तर काढायचे आणि नाक पुन्हा थोडे वळवायचे. हिशेब एकदा करून भागत नसे. तो वाटेत पुनःपुन्हा करावा लागे.

आपल्या भागाचाही या कथेशी जवळचा संबंध आहे. नकाशावर मुंबईपासून बळ्ळारीपर्यंत सरळ रेघ ओढा. ती आपल्या अथणीच्या जरा पूर्वेकडून जाते. ही दिशा आग्नेयेची. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा या वाटेला जवळजवळ काटकोनात, उजव्या बाजूने लागतो. ज्या वाऱ्यावर आपली शेती चालते, तोच वारा टपालाच्या विमानाला डावीकडे ढकलत असे. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, म्हणून विमानांचा मुक्काम पुण्याला हलवावा लागे. अशा अडचणींतही पहिल्या पूर्ण वर्षात, म्हणजे १९३३ मध्ये, या सेवेने सुमारे १ लाख ६० हजार मैल अंतर कापले आणि १५५ प्रवासीही नेले. वक्तशीरपणाबद्दल तिची ख्याती झाली. पुढे १९३५ साली मुंबईहून गोवा व कण्णूरमार्गे त्रिवेंद्रमपर्यंतही विमान जाऊ लागले.

सांबऱ्याच्या विमानतळाची धावपट्टी जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे, हे तुम्ही कधी पाहिले आहे का? धावपट्टी शक्यतो त्या भागातील नेहमीच्या वाऱ्याच्या रेषेत आखतात, कारण विमान वाऱ्याला सामोरे जाऊन लवकर उचलते व हळू उतरते. बेळगावचा पश्चिम वारा आपल्या सर्वांना ठाऊक आहेच. तेथे गेलात, तर खांबावर फुगलेली कापडी नळीही पाहा. ती वाऱ्याची दिशा दाखवते.

जेआरडींच्या जीवनात पुढे पुष्कळ घडले. १९३८ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ते टाटा उद्योगसमूहाचे अध्यक्ष झाले आणि १९९१ पर्यंत ते पद त्यांनी सांभाळले. मुंबईचे टाटा कॅन्सर रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. १९४५ मध्ये डॉ. होमी भाभा यांच्या पुढाकाराने टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. तिच्या पाठीशीही टाटा होते. त्यांचे जुने सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट मात्र १९४२ साली, महायुद्धाच्या काळात, इंग्लंडहून भारताकडे परतताना विमानासह नाहीसे झाले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले.

१९५३ साली सरकारने विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले. जी सेवा जेआरडींनी एका लहान विमानापासून वाढवली, ती त्यांच्या मालकीची राहिली नाही. त्यांना हे पसंत नव्हते. तरीही अध्यक्षपद स्वीकारून त्यांनी पंचवीस वर्षे एअर इंडियाचे काम पाहिले. विमानातील पडद्यांपासून चहापर्यंत प्रत्येक गोष्टीकडे त्यांचे लक्ष असे. १९७८ मध्ये सरकारने त्यांना अध्यक्षपदावरून दूर केले. हा घाव मोठा होता. परंतु १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, ७८ वर्षांचे जेआरडी जुन्या काळातील 'लेपर्ड मॉथ' विमान घेऊन कराचीहून निघाले आणि मुंबईला उतरले. वाट तीच, समुद्रावरचा वाराही तोच.

१९९२ साली त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान मिळाला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे आली. ते पाहायला ते नव्हते.

या चरित्रातून आम्ही काय घ्यावे? जेआरडींना केंब्रिजला जायचे होते. परिस्थितीने जमशेदपूरकडे नेले. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत त्यांना जावे लागले. त्यांनी वारा नाही असे मानले नाही, आणि वारा आहे म्हणून विमान जमिनीवरही ठेवले नाही. तो किती आहे व कोठून आहे हे मोजले आणि तेवढे नाक वळवले.

आपल्या मुलांनाही मराठीतून इंग्रजीत जाताना बाजूचा वारा लागतो. तो खरा आहे, आणि मोजता येण्यासारखाही आहे. म्हणून आम्ही यंदा दहावीच्या वर्गात शेवटच्या महिन्यात सदिश, अदिश, वेग, चाल, त्वरण अशा शंभर शब्दांची मराठी-इंग्रजी यादी करून घेणार आहोत. त्यातील प्रत्येक शब्द आकृतीसह वहीत यावा, अशी अपेक्षा आहे. पालकांना विनंती, की मुलगा किंवा मुलगी पहिल्या चाचणीत कमी गुण घेऊन आली, तर लगेच शाखा बदलू नका. आधी शाळेत या, आपण बसून पाहू की नेमके कोठे अडले.

आणि विद्यार्थ्यांसाठी एक गणित. बेळगाव ते मुंबई हवाई अंतर सुमारे ४०० किलोमीटर आहे. एका लहान विमानाची हवेतील चाल ताशी २०० किलोमीटर आहे. जाताना ताशी ४० किलोमीटरचा वारा अगदी समोरून आहे, येताना तोच वारा अगदी मागून आहे. जाण्या-येण्याला मिळून किती वेळ लागेल? वारा नसताना लागला असता तेवढाच, की कमी, की जास्त? वाऱ्याने जाताना घेतलेले येताना परत केले, असे म्हणता येईल का? उत्तर आकृतीसह आपल्या विज्ञान शिक्षकांकडे द्या. ज्यांचे उत्तर कारणासह बरोबर येईल, त्यांची नावे पुढील अंकात छापू.